दीपाली मॅडमचा गुडघा

दीपालीनं गुडघा निवडला तो पूर्ण विचार करूनच.

खरं दुखणं घरात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी एखादा सभ्य अवयव पुढं करायचा होता. पोट म्हटलं की सासूबाई ओवा घेऊन उभ्या राहिल्या असत्या. डोकं म्हटलं की "मोबाईल बघू नको" ऐकावं लागलं असतं. छाती म्हटली तर नवऱ्यानं तिथल्या तिथं अँब्युलन्स बोलावली असती. कंबर जरा जास्तच जवळ येत होती. गुडघा मात्र सगळ्या बाजूंनी निर्दोष. चारचौघांत दाखवता येतो, दुखला तरी इज्जत जात नाही, आणि अठ्ठेचाळिशीच्या बाईचा गुडघा दुखत नसेल तरच लोक संशयानं बघतात.

"उद्या सोलापूरला जाऊन येते," ती नवऱ्याला म्हणाली. "गुडघा दाखवायचाय."

एवढं एकच वाक्य. पुढचं सगळं रामायण त्यातनंच उभं राहिलं.

दीपाली नळदुर्गच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. नवऱ्याचं, व्यंकटचं, हायवेला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, शटर, ट्रकच्या मागचा तुटलेला फाळका, काहीही आणा, तो जोडून देणार. एकुलती लेक शिवप्रिया पुण्याला नोकरीला. घरात तिसऱ्या म्हणजे सासूबाई, तुळजाबाई. कान तिखट, जीभ त्याहून तिखट, आणि गुडघे मात्र खरोखरच गेलेले.

आता खरं दुखणं. वर्षापूर्वी दीपालीची पाळी थांबली, तेव्हा तिला स्टाफरूममध्ये पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. पण त्यानंतर अंगात काहीतरी बदललं. नवरा जवळ आला की दुखायला लागलं. साधंसुधं नाही, आग व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी लघवीला जातानाही डोळ्यांत पाणी यायचं. पोरांकडनं हार्मोन्सची व्याख्या घोकून घेणाऱ्या या बाईला आपलेच हार्मोन्स आटलेत हे उमगायला वर्ष गेलं. (तसा 'मानवी प्रजनन' हा धडा ती दरवर्षी "घरी वाचून या" म्हणूनच उरकायची. निदान स्वतः तरी घरी वाचायचा होता.)

मग तिनं टाळायला सुरुवात केली. कधी पेपर तपासायचे असत, कधी उपवास असे. एका महिन्यात तिनं इतके उपवास धरले की तुळजाबाईंनी विचारलं, "दीपे, आज कोन्या देवाचं हाय गं?" आणि दीपालीला पटकन देव आठवेना.

व्यंकट म्हणजे काही बिघडलं की चूक आपल्याच जोडकामाची, असं समजणारा माणूस. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो डोक्याला आणि मिशीला कुळकुळीत काळा कलप लावून. दीपाली हसली. पोट धरून हसली. त्याचा चेहरा नीट बघेपर्यंत हसतच राहिली. त्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडून दिलं. भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला. तिला आधी हायसं वाटलं, आणि मग भांडी घासताना एकाएकी रडू आलं. तेव्हाच तिनं ठरवलं, डॉक्टर गाठायचा.

नळदुर्गात दाखवावं तर निम्म्या गावाची पोरं तिच्या वर्गात. तुळजापुरात माहेरची माणसं. धाराशिवला शिक्षण खात्यातलं कुणीतरी हमखास भेटणार. राहिलं सोलापूर.

तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. मिनाज तिच्यापेक्षा वयानं लहान, बोलायला मोकळ्या. "बोला, काय त्रास आहे?"

"गुडघा," दीपालीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मग शेजारच्या बिल्डिंगमध्ये जा. तिथं हाडांचे डॉक्टर आहेत."

शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत दीपालीनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "यात लाजायचं काय? पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ पडते, कोरडी होते. मग दुखणारच. सोसायचं मुळीच कारण नाही. ही मलमाची ट्यूब आतून वापरायची, आणि ही जेली त्या वेळेपुरती. थोडे आठवडे जाऊ द्या, फरक पडेल. आणि एक, मिस्टरांना सांगा. ते औषधाइतकंच महत्त्वाचं आहे."

"हो हो," दीपाली म्हणाली. (शिक्षणाधिकाऱ्यांनाही ती असंच "हो हो" म्हणायची.)

घरी आल्याबरोबर व्यंकटनं विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?"

"काही नाही. कोरडेपणा आलाय. वंगण कमी झालंय."

इथं ती चुकली. वंगण म्हटल्यावर व्यंकटचे डोळे चमकले. आजवर बायकोचं कुठलंच दुखणं त्याच्या धंद्यात आलं नव्हतं.

"बरोबर! बेअरिंगचं बी असंच असतंय. ग्रीस संपलं की घासतंय. काय लावायला दिलंय का?"

"मलम दिलंय."

"आण, मी लावतो."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की तुळजाबाई आतून बाहेर आल्या. मग तिनं कपाटातली सर्दीच्या बामची जुनी डबी आणून त्याच्या हातात दिली, आणि खरी ट्यूब तूरडाळीच्या डब्यात खुपसली.

त्या दिवसापासून रोज जेवण झालं की हॉलमध्ये कार्यक्रम सुरू. दीपाली खुर्चीत पाय लांब करून, व्यंकट पाटावर बसून कोमट तेलानं तिचा ठणठणीत गुडघा चोळतोय, आणि तुळजाबाई टीव्ही बघत बघत त्याला सूचना देतायत. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण व्यंकटनं जिन्याला दोन्ही बाजूंनी रेलिंग मारलं. न्हाणीघरात धरायला पाईप बसवला. शाळेत बसायला उंच स्टूल करून दिलं, त्यावर बसली की दीपालीचं डोकं फळ्याच्या वरच्या कडेला लागायचं आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. शेवटी त्यानं स्वतःची गादी खाली जमिनीवर टाकली.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"झोपेत माझी लाथ लागली तर? दुखरा गुडघा हाय."

इकडं डॉक्टरांचं औषध मात्र काम करत होतं. हळूहळू आग थांबली, अंगात पूर्वीची उमेद परतली. शाळेतून येताना ती गाणं गुणगुणायला लागली. आता नवऱ्यानं भिंतीकडं तोंड करून झोपू नये असं तिला मनापासून वाटायला लागलं. पण नवरा जमिनीवर, आणि तिला वाचवायच्या खटपटीत.

एका संध्याकाळी सासूबाई कीर्तनाला गेलेल्या बघून तिनं त्याच्या आवडीची जांभळी साडी नेसली. गजरा माळला. लग्नाच्या वाढदिवसाला आणलेलं अत्तरही लावलं. व्यंकट वर्कशॉपमधून आला, दारातच थबकला.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही."

"मग साडी कशापायी? निऱ्यांत पाय अडकून आदळशील. जा, मॅक्सी घाल."

दुसऱ्यांदा ती सरळ त्याच्या गादीवर जाऊन त्याच्या शेजारी बसली. तर हा इंगळी चावल्यासारखा उडाला. "अगं, मांडी घालू नको! डॉक्टरनं सांगितलं न्हाय का तुला?" आणि दोन्ही हातांनी उचलून त्यानं तिला परत पलंगावर ठेवलं. कितीतरी दिवसांनी नवऱ्यानं दोन्ही हातांनी उचललं होतं, तेही गुडघ्यासाठी! तिला स्वतःचाच राग आला, आणि हसूही. उशीत तोंड खुपसून ती हसत सुटली. व्यंकटला वाटलं, कळ आली. तो तेल गरम करायला गेला.

खरं सांगून टाकावं असं तिनं बऱ्याचदा ठरवलं. पण एव्हाना गुडघ्यासाठी इतकं लोखंड खर्ची पडलं होतं की आता तो दुखत नाही म्हणायचं धाडस तिला होईना.

त्यातच डाळीच्या डब्यातली ट्यूब भराभर संपायला लागली. आपण इतकी वापरत नाही, मग जाते कुठं, याचा तिला उलगडा होईना. तो तुळजाबाईंनीच केला.

"दीपे, तुज्या डाक्टरचं मलम लई गुनाचं हाय गं."

"कुठलं मलम, आत्या?"

"डाळीतलं. म्या रोज लावती मपल्या गुडघ्याला. निम्मं दुकनं गेलं बघ. पर चोळायला लई लागतंय. यंकट, मलाबी न्हे रं बाबा त्या डाक्टरकडं."

"शनिवारी जाऊ," व्यंकट म्हणाला. आईचा आणि बायकोचा गुडघा एकाच खेपेत, त्याला ते सोयीचंच वाटलं.

दीपालीनं सगळे उपाय करून बघितले. डॉक्टर गावाला गेलेत. डॉक्टर फार महाग आहेत. डॉक्टर म्हाताऱ्या माणसांना तपासत नाहीत. कशाचाच उपयोग झाला नाही. मग शेवटचा डाव तिनं मनात ठरवला: दोघांना शेजारच्या बिल्डिंगमधल्या हाडांच्या डॉक्टरकडं न्यायचं, आणि "हेच ते" म्हणून सांगायचं. शनिवारी व्यंकटच्या पिकअपमधून तिघं सोलापुरात पोचले. दीपालीनं दोघांना अगदी बरोब्बर हाडांच्या दारापर्यंत नेलंही. पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो दीपालीताई! मिस्टरांना घेऊन आलात? फार छान केलंत. पण इकडं कुठं? आपला दवाखाना हा इकडं." गाडीतून उतरलेल्या डॉ. मिनाज तिघांना घेऊन आपल्या केबिनकडं निघाल्यासुद्धा.

बाहेरच्या खोलीतली चित्रं बघून व्यंकट हळूच म्हणाला, "गुडघ्याच्या दवाखान्यात बारक्या लेकरांचे फोटो कामून लावलेत?"

"प्रसन्न वाटावं म्हणून," दीपाली म्हणाली.

केबिनमध्ये तिघं बसल्यावर डॉक्टरांनी तुळजाबाईंकडं बघून विचारलं, "आई बाहेर बसल्या तर चालेल ना?"

"छे छे, आईला सगळं माहीत हाय," व्यंकट म्हणाला. "आमचं आईच्या समोरच चालतंय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग व्यवसायाला शोभेल अशा शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग आता त्रास कमी आहे का?"

"कमी हाय. पण मी अजून रिस्क घेत नाही. वेगळा झोपतो."

"वेगळं झोपायचं कारण नाही. उलट आता हळूहळू सुरुवात करायला हरकत नाही."

"करतो की. रोज, जेवण झाल्यावर. अर्धा तास."

डॉक्टरांचा चष्मा नाकावरून खाली आला. "रोज?"

"एक दिवस खाडा नाही. तेल कोमट करून घेतो."

"तेल? तेल नको! जेली दिली होती ना मी."

"आई म्हणली, तेलच बरं."

"आई म्हणाल्या?"

"म्याच दावती की त्येला," तुळजाबाई पुढं सरकल्या. "ह्येला कुठं कळतंय? वरनं खाली चोळ म्हनलं तर खालनं वर चोळतंय. म्होरं बसून सांगावं लागतंय."

"म्होरं बसून..." डॉक्टरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला.

"हॉलमधी. टीव्ही बघत बघत. आन बाई, ते तुमचं मलम म्याबी लावती. लई गुन आला. चार पायऱ्या चढती आता."

डॉक्टरांनी ग्लास न पिताच खाली ठेवला, दीपालीकडं वळल्या, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दीपालीताई, तुमच्या घरी... सगळं ठीक आहे ना?"

"गुडघा!" दीपाली किंचाळली. "यांना मी गुडघा सांगितलाय!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तो हसू लपवायला असावा. "मी सांगू, की तुम्ही सांगता?"

दीपाली उठून उभी राहिली. (स्टूल मिळालं तरी बसून शिकवायची तिला सवय झाली नव्हती.) पाळी गेल्यावर शरीरात काय कमी होतं, त्यानं कुठली त्वचा कोरडी पडते, मग नवरा-बायको जवळ आले की बाईला काय होतं, हे तिनं अवयवांची खरी नावं घेऊन सांगितलं. आणि आपण वर्षभर पेपर, उपवास आणि गुडघा यांच्या आड कशा लपत होतो तेही. सांगून झाल्यावर "काही शंका?" असं विचारायचं राहिलं तेवढंच.

व्यंकटनं आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे, मी जवळ आलो की तुला दुखायचं?"

"हो."

"आणि तू तशीच..." त्याचा हात मिशीकडं गेला. "मला वाटलं, तुला मी नको झालोय."

"मला सांगायची लाज वाटली हो. विज्ञान शिकवते मी, आणि मलाच..."

"येडी गं येडी," तुळजाबाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडं वळले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "म्या तर कंबर सांगितली व्हती. ह्येच्या बापाला. कंबर दुकती, कंबर दुकती म्हनून ओसरीत निजवलं त्येला, ते पार मरस्तोवर. त्यो रोज सकाळी इचारायचा, आज कशी हाय कंबर? म्या म्हनायची, तशीच हाय." त्यांनी पदर सारखा केला. "लई चांगला मानूस व्हता. आमच्या टायमाला मलम कुठं व्हतं? आन असलं तरी इचारायचं कुनाला?"

डॉक्टरांनी पुन्हा ग्लास उचलला, आणि या वेळी पाणी पिऊन टाकलं. मग तुळजाबाईंना समजावलं, की ते मलम गुडघ्याचं नाही, त्यानं गुडघ्याला फरक पडणं शक्य नाही.

"पडला त्येचं काय करू मग?" तुळजाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाठवलं.

पिकअप परतीच्या रस्त्याला लागली. तुळजाबाई मधे बसून पेंगत होत्या. दीपाली ट्रकांच्या मागचं वाचत होती, पण डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं. आता हा रागावणार, महिनाभर बोलणार नाही, हेच मनात चाललेलं. नळदुर्ग जवळ आल्यावर व्यंकटनं गाडी एका ढाब्यापाशी घेतली, चहा सांगितला, आणि कप तिच्या हातात देताना म्हणाला, "एक सांगू? इथून पुढं काय बिघडलं तर पार्टचं नाव नीट सांगत जा. इतके दिवस मी भलत्याच जागी रेलिंग मारत बसलो."

ती हसायला लागली. मग तोही. चहा दोघांच्याही कपड्यांवर सांडला, आणि तुळजाबाई गाडीतूनच ओरडल्या, "मला न्हाय व्हय रं च्या?"

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारची जेवणं झाली आणि तुळजाबाई काठी घेऊन उठल्या. "म्या भायेर पायरीवर बसती. हवा हाय. तुमी पडा जरा," एवढंच म्हणून त्यांनी जाताना दार ओढून घेतलं.

आत दोघंही असे अवघडले, जणू काल-परवाच लग्न झालंय. व्यंकटनं आधी पंखा मोठा केला, मग बारीक केला. दीपालीनं जेलीची ट्यूब आणली, तिच्यावरचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लावला, आणि चष्म्यातून नवऱ्याकडं बघितलं तर तो तिच्याचकडं बघून हसत होता. डॉक्टरांनी सावकाश सांगितलं होतं. त्यांनी अगदी सावकाश घेतलं. दुखलं नाही. एवढ्याशा वेळात व्यंकटनं "दुखतंय का?" असं इतक्यांदा विचारलं की शेवटी ती म्हणाली, "आता विचारलंत तर मात्र दुखेल." कितीतरी महिन्यांनी ती त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली, आणि गाढ झोपली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंग हलकं झालं होतं. केस विंचरून, तोंडावर पाणी मारून तिनं चहा केला आणि सासूबाईंचा कप घेऊन बाहेर आली. तुळजाबाई पायरीवर काठी आडवी टाकून, एखाद्या नाक्यावर बसावं तशा बसल्या होत्या.

"कुणी आलं होतं का आत्या?"

"आल्ते की. शेजारची गुलबानो आल्ती कढीपत्ता मागाया. गॅसवाला आल्ता. सगळ्यास्नी इथनंच लावलं माघारी."

"काय सांगून?"

"खरं त्येच. खोटं बोलून काय व्हतंय ते बघितलं न्हाय का आपुन? म्हनलं, सोलापूरच्या डाक्टरीनबाईनं लेका-सुनंला भर दुपारी दार लावून संगट निजाया सांगितलंय, कुनी कडी वाजवू नगा."

दीपालीनं दाराची चौकट धरली. "आणखी कुणी?"

"तुज्या शाळंचे हेडमास्तर आल्ते. बायकू व्हती संगं."

"त्यांना... त्यांनाही सांगितलंत?"

"त्यास्नी आन काय येगळं सांगू? गरीब मानूस. कानापत्तुर लाल झाला, आन गेला बिचारा गाडीकडं. बायकू मातुर मागं थांबली. डाक्टरीनबाईचा पत्त्या इचारत व्हती."

"मग?"

"मला कुठला पत्त्या ठावं? म्हनलं, आमची मॅडम उद्या शाळंत यील की. तुमच्या मालकास्नी म्हनावं, इचारून घ्या."

दीपालीनं सासूबाईंसाठी आणलेला चहा उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला.